दिवाणातले गेम आणि पुण्याचं गिऱ्हाईक

आमच्या घरच्या दिवाणात पाहुण्यांच्या गाद्या नाहीत, व्हिडिओ गेम आहेत. पाहुणे आले की ते चटईवर झोपतात.

मी मानवतला शाळेत मास्तर आहे. वय सत्तेचाळीस. घरी सहा जुने व्हिडिओ गेम आणि त्यांच्या शंभराच्या वर कॅसेटी आहेत म्हटलं की लोक विचारतात, "मुलाचे का?" मला मुलगा नाही. मुलगी आहे, मनाली, आणि तिला या सगळ्याची लाज वाटते.

सुरुवात दादानं केली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो आता गंगाखेडला साखर कारखान्यात फिटर आहे, पण शाळेत असताना सुट्टीत टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात बसायचा. तिथं कुणीतरी बिघडलेला गेम टाकून गेलं. तो दादानं घरी आणला आणि चालू केला. कॅसेटीत फुंकर मारायची, खोचायची, आणि दोघांनी एका जॉयस्टिकसाठी भांडायचं, असे आमचे दिवस गेले. पुढं दादा मोठा झाला. माझं ते राहून गेलं. भंगारवाल्याकडं, आठवडी बाजारात, कुणाच्या माळ्यावर, जिथं दिसेल तिथून मी कॅसेटी गोळा करत राहिलो. दर दिवाळीत सगळं बाहेर काढून मऊ फडक्यानं पुसायचं, हा माझा नेम. तो मी कधी चुकवला नाही.

यंदा पुसता पुसता माझी बायको शोभा म्हणाली, "अहो, यातला एखादा शेवटचा कधी खेळलात?"

मला आठवेना.

"मनालीची पुस्तकं फ्रिजवर असतात आणि पाहुणे चटईवर. विका म्हणत नाही मी. विचार करा."

(विका म्हणाली असती तर भांडता आलं असतं. विचार करा म्हटल्यावर माणसाला पळायला वाट राहत नाही.)

मी आठ दिवस विचार केला. मग फोटो काढून मोबाइलवर जाहिरात टाकली, आणि मनात म्हटलं, हे कोण घेणार? दुसऱ्याच दिवशी पुण्याहून एकाचा फोन आला. तो अशा वस्तू जमवायचा. "सगळंच घेतो सर," म्हणाला. तेव्हा मला सुचलं की पहिला गेम दादाचा आहे, सुरुवातीच्या कॅसेटीही त्याच्याच. त्याला विचारलं पाहिजे. खरं सांगायचं तर तो नको म्हणेल अशी मला आशा होती.

आम्हा तीन भावंडांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. दादा, सेलूला दिलेली अक्का आणि मी. त्यावर मी लिहिलं, "बरेच दिवस नुसतं पडून आहे. विकून टाकावं म्हणतो. पुण्याचं गिऱ्हाईक आलंय, सगळंच घ्यायला तयार आहे. दादा, अर्धा हिस्सा तुझा आहे. तुझ्या संमतीशिवाय मी काही करणार नाही."

मजकूर मला सभ्य आणि मुद्देसूद वाटला. काय विकायचंय तेवढं लिहायचं राहिलं.

इथं वालूरच्या रानाबद्दल सांगायला हवं. आमचे आजोबा-पणजोबा जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून वालूरला दोन एकर रान घेतलं, तेव्हा आमच्या घराण्यातलं नाव पहिल्यांदा सातबाऱ्यावर लागलं. तो उतारा बाबांनी फ्रेम करून बुद्धमूर्तीच्या शेजारी टांगला होता. बाबा गेल्यावर अक्कानं हक्क सोडला आणि रान आम्हा दोघा भावांच्या नावावर झालं. गावातला माणिक ते बटईनं, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, करतो.

ग्रुपवर कुणाचंच उत्तर आलं नाही. मला वाटलं, दादालाही वाईट वाटलेलं दिसतंय.

रविवारी दुपारी अक्का दारात उभी. एकटी एसटीनं आलेली, चेहरा ओढलेला.

"जय भीम अक्का. अशी अचानक?"

"दादा येऊ दे," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली. बसली ती नेमकी दिवाणावर.

अर्ध्या तासानं दादा आला. काखेत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद. मी पाणी पुढं केलं.

"पानी ऱ्हाऊ दे. पडून हाय म्हून तुला कोनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे दादा, मला दिसतंय की. धूळ बसलीय."

"धूळ?" दादानं अक्काकडं बघितलं. "अरे, माणिक दोन पिकं काढायलाय तिथं."

माणिकचा इथं काय संबंध, ते मला कळेना. दादा फार चिडलाय म्हणून काहीही बोलतोय, असं समजून मी आवाज आणखी मऊ केला. "दादा, तुझ्या भावना मला कळतात. पण आजच्या पोरांना त्यात गोडी नाही. आणि शोभाला गाद्या ठेवायला जागा पाहिजे."

अक्कानं डोळ्याला पदर लावला. "गाद्यासाठी? बाबाचं रान गाद्यासाठी इकायलास तू? मी हक्क सोडला तो तुमा दोघांसाठी, पुण्याच्या मानसासाठी न्हाई."

स्वयंपाकघराच्या दारात शोभा उभी होती. तिनं कपाळावर हात मारला. "अक्का, जरा उठता का?" म्हणाली आणि दिवाणाचं झाकण वर केलं.

तिघांनी आत पाहिलं. कॅसेटी फडक्यात गुंडाळून ओळीनं लावलेल्या. मग अक्का हसायला लागली ती उचकी लागेपर्यंत. दादा हसला नाही. त्यानं खाली वाकून पहिला गेम उचलला आणि म्हणाला, "म्हंजे रान न्हाई."

"रान मी कसं विकीन? तुम्हाला असं वाटलंच कसं?" आता रागवायची पाळी माझी होती.

दादा शांतपणे म्हणाला, "चार वर्सं झाली, तू रानात पाय ठेवला न्हाईस. पेरनीला न्हाई, काढनीला न्हाई. वाटलं, ह्याचं मन उडालं."

ही प्लास्टिकची खोकी मी दर दिवाळीत हातानं पुसली होती. बाबांच्या रानाकडं जायला मला रविवार सापडला नव्हता. तो राग मी तिथंच गिळला आणि म्हणालो, "चुकलं दादा."

"चुकलं म्हनून काय व्हतंय? जेवाय वाढ म्हनाव शोभाला."

जेवणानंतर दादानं वायर सोलून, जोडून पहिला गेम टीव्हीला लावला. कॅसेटीत फुंकर मारताना त्याची मान तशीच तिरकी झाली, जशी चौदाव्या वर्षी व्हायची. अक्का आयुष्यात पहिल्यांदा खेळली (लहानपणी आम्ही तिला कधी हातच लावू दिला नव्हता, हे तिनं चार वेळा ऐकवलं). मनाली दारातून बघत होती, ती हळूच येऊन अक्काजवळ बसली.

निघायची वेळ झाली तसा दादा म्हणाला, "बाकीचं देऊन टाक. हे एक मी नेतो." जो निर्णय मला आठ दिवसांत घेता आला नाही, तो त्यानं चप्पल घालता घालता घेतला. मग चप्पल काढून म्हणाला, "आज ऱ्हातोच. सकाळी रानात जाऊ." पुण्याचा माणूस पुढच्या आठवड्यात येऊन बाकीचं सगळं घेऊन गेला. मला वाटलं होतं तेवढं दुखलं नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि सकाळीच दोघं वालूरला पोचलो. दादा वाटेत माणिकशी बोलत थांबला. मला धीर निघेना. मी भराभर पुढं गेलो आणि हरभऱ्याच्या त्या हिरव्यागार रानात गुडघ्यावर बसलो. मूठभर काळी माती कपाळाला लावली. "बाबा, उशीर झाला, पण आलो," असं मोठ्यानं म्हणालो. डोळे भरून आले होते.

मागून दादाचा आवाज आला. "विलास, ऊठ तिथून. ते दुसऱ्याचं रान हाय. आपली ज्वारी हाय, बांधाच्या अल्याड."

मी उठलो, गुडघे झटकले आणि बांध ओलांडून परत आलो. माणिकनं लय अदबीनं विचारलं, "मास्तर, शाळेत काय शिकवता तुमी?"

मी भूगोल शिकवतो. माणिकला मी सांगितलं, मराठी.