इटलीच्या पाव्हण्याच्या बापाचं नाव

आमच्या सहकारी सूतगिरणीची यंत्रं इटलीहून आली तेव्हा पार नांदूरघाटाहून माणसं बघायला लोटली. बघायचं काय, कप्पाळ! नुसती लाकडी खोकी. ती उघडून यंत्रं बसवायला त्याच कंपनीचा इंजिनियर यायला हवा, नाहीतर बिघाडाची जबाबदारी त्यांची नाही, असा करार होता. हा माणूस वर्षभर आमच्या पगारावर राहणार, म्हणजे त्याला कामाचा व्हिसा हवा. कचेरीत इंग्रजी टायपिंग येणारा मी एकटाच, म्हणून ते घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. मला तर आनंदानं जेवण जाईना! व्हिसा हा शब्द तोवर मी पेपरातच वाचला होता.

घाई होती ती अक्कापायी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दुष्काळानं रान करपलेलं; दसरा झाला की ती आणि दाजी दरसाल ऊसतोडीला जायचे, आणि त्यांच्या सहावीतल्या पोरीची शाळा सुटायची. गिरणीत अक्काची निवड झाली होती, पण गिरणी सुरू झाली तर ना! मुकादमानं बजावलं होतं, "ट्रक लागायच्या आत गिरणी फिरली तर ऱ्हावा, न्हाईतर गुमान ट्रकात बसा." अक्का मला येताजाता विचारायची, "आला का रं तुझा गोरा?"

व्हिसासाठी आधी सरकारला पटवायचं होतं, की हे काम करणारा माणूस भारतात मिळत नाही. चेअरमन साहेब म्हणाले, "लिही की बिनधास्त. हितं मोटारीचा मिस्त्री मिळंना, इटलीच्या यंत्राचा कुठून आणू?" मी ते जरा सभ्य इंग्रजीत लिहिलं. मग नेमणूकपत्र लिहायचं आलं. इंजिनियरनं आपलं नाव आणि आडनाव, एवढंच कळवलं होतं. ते बघून साहेब थबकले.

"मधी बापाचं नाव कुठंय?"

"त्यांनी दिलंच न्हाई, साहेब."

"कावून? बिनबापाचा हाय का? लाव फोन."

केजच्या एसटीडी बूथवरून मी इटलीला फोन लावला. माझं इंग्रजी मोडकं, त्याचं त्याहून मोडकं. तुमच्या वडिलांचं नाव काय, हे मी घसा फाटेस्तोवर विचारलं. त्यानं बिचकत का होईना, सांगितलं. तरी साहेबांचं समाधान होईना. म्हणाले, "त्याला राव लाव. पाव्हण्याच्या बापाला कुणी एकेरी लिवतं व्हय?"

लावलं! नाव, मधे बाप, बापाला राव, शेवटी आडनाव. गडी एकदम आमच्या भावकीतला वाटायला लागला. पत्र फॅक्स केलं आणि अक्काला ठोकून दिलं, "आला समज!"

कसला येतो! थोड्या दिवसांनी त्याचाच फोन आला. तिथल्या आपल्या वकिलातीनं अर्ज परत केला होता. पत्रातला माणूस वेगळा आणि पासपोर्टातला वेगळा, असं त्यांचं म्हणणं. तो म्हणाला, "मधले हे गृहस्थ कोण, असं मला विचारतात. माझे वडील येणार नाहीत हो, ते वारले." मी बूथमध्येच कपाळावर हात मारून घेतला.

दसरा दोन महिन्यांवर आलेला आणि साहेब गेवराईकडे व्याह्यांच्या चारा छावणीवर. दुरुस्त केलेलं पत्र घेऊन मी जीप, एसटी, परत जीप, असा लोंबकळत पोचलो. दुष्काळात सांभाळायला आणलेली जनावरं चहूकडे हंबरत होती आणि साहेब कडब्याच्या गंजीला टेकून कुणाचं तरी भांडण मिटवत होते. त्यांनी पत्र वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"बापाचं नाव काढलंस?"

"काढावंच लागतंय, साहेब."

"आरं, पोरानं बापाचं नाव काढावं म्हणत्यात, ते असं न्हाई बे! मेलेल्या माणसाला कागदावरून हाकलायचं? लई वंगाळ दिसतंय."

मी नियम सांगितला, पासपोर्ट सांगितला, हात जोडले. साहेब ढिम्म! शेवटी माझं डोकंच फिरलं.

"साहेब, हे नाव ऱ्हायलं तर माझी अक्का ट्रकात बसणार हाय, पोरगी बी! तुमाला त्या गोऱ्याच्या मेलेल्या बापाचं पडलंय, हितल्या जित्या पोरीचं न्हाई!"

भांडणारे दोघं आपलं भांडण सोडून माझ्याकडे वळले. चेअरमनला असं कुणी बोलतं का? माझी नोकरी गेली, असंच मी धरलं. साहेबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि सही केली. मग हळूच म्हणाले, "पाव्हणा आला की माज्या वतीनं माफी माग त्याची."

आणि व्हिसा मिळाला! मी कचेरीत अशी आरोळी ठोकली की शिपायाच्या हातातला चहा सांडला. पाव्हणा आला, लंबूटांग, तिखटानं घामाघूम होणारा. बीडला पोलीस अधीक्षक कार्यालयात त्याची नोंद करायला गेलो, तर तिथला हवालदार माझ्याइतकाच हरखलेला. परदेशी माणूस नोंदवायची त्याचीही पहिलीच खेप होती. मग गिरणीत ठोकाठोक सुरू झाली. अक्का आणि तिच्या सोबतिणी त्याच्या हाताखाली नट पिळायचे पाने देत होत्या, आणि तो त्यांना खुणांनी धागा जोडायला शिकवत होता.

ट्रक लागायच्या आदल्या दिवशी पहिलं यंत्र फिरलं! अक्कानं तुटलेला धागा जोडला आणि ओरडली, "जुळलं गं बाई, जुळलं!" मी तिथंच नाचलो. लाज कसली! दाजीही मागे राहिले. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता मी काय करू?" दाजी हसतहसत गिरणीत हमालीला लागले.

दुसऱ्या दिवशी ट्रक गिरणीवरूनच निघाला. वर बोचकी, बोचक्यांवर बाया, बायांच्या मांडीवर पोरं. अक्का गिरणीत कामावर होती. ती केसांत कापूस घेऊन धावत बाहेर आली आणि थेट ट्रकापुढे उभी राहिली.

"बायांनो, शाळंची पोरं माज्याजवळ ठिवा! माज्या पोरीसंगं शाळंत जात्याल. भाकरी मी घालते!"

मुकादम खेकसला, "येडी झाली का ही?" मी दाजींकडे बघितलं. तेही आ वासून बघत होते. मग ट्रकाचा मागचा फाळका खाली पडला. एका बाईनं आपल्या पोरीला काखेत धरून खाली सोडलं आणि अक्काला म्हणाली, "भूक लागली तरी मागत न्हाई ही. तूच इचारत जा."