आखरावर बसलेली सुगंधाबाई

सुगंधाबाईला गावात कुणी भीत नव्हतं, असं म्हणणारा माणूस एक तर खोटारडा नाहीतर परगावचा. शाळेत खिचडी शिजवणारी पाच फुटी बाई, पण तोंड उघडलं की सरपंचसुद्धा चप्पल शोधायला लागायचा. नवरा इसरू तापाने गेला तेव्हा पोरगी नीलिमा चार वर्षांची होती. धानाच्या रोवणीला जाऊन, तेंदूपत्ता तोडून, शाळेची चूल फुंकून बाईने तिला वाढवलं आणि सिंदेवाहीच्या कॉलेजात घातलं. ती एक पोरगी सोडली तर बाईचं या जगात काही नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही बाईला दुष्ट म्हणाल. म्हणा, पण पुरतं ऐकून म्हणा.

गाव जंगलाला चिकटलेलं. धान लोंबीला आलं की रानडुकरांचे कळप बांध्यांत घुसतात. म्हणून गावात सात जणांकडे पीक राखायच्या परवान्याच्या भरमार बंदुका. भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, आणि मागे घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार. एकदा भरली की रिकामी करायला उडवावीच लागते, आणि दारू काय झाडाला लागते? म्हणून रात्री डुकरं आलीच नाहीत तर माणूस भरलेली बंदूक तशीच घरी आणतो. फक्त गावात शिरण्याआधी आखरावर, म्हणजे गुरं गोळा करतात त्या मोकळ्या जागेवर, थांबून टोपी काढायची आणि खिशात टाकायची. आजे-पणजे तसं करत आले म्हणून हेही करत. कुठे लिहिलेलं नव्हतं, न करणाऱ्याला कुणी विचारतही नव्हतं.

हरिदास बोरकुटे शेजारचा. भला माणूस, इसरूच्या मयतीला खांदा दिलेला. त्याची रश्मी आणि नीलिमा एकाच वर्गात, एकाच बसने जायच्या. त्या कार्तिकात एका सकाळी दव असं पडलं की माचेवरचं, म्हणजे शेतातल्या राखणीच्या मचाणावरचं, घोंगडं पिळून घ्यावं लागलं. हरिदास आखरावर आला आणि त्याच्या मनात आलं, टोपी काढली तर छिद्रातून ओल आत जाईल, दारू सर्दावेल, आज रात्री बार फुसका निघेल. राहू दे टोपी. घरी येऊन त्याने बंदूक ओसरीच्या खुंटीला अडकवली आणि तोंड धुवायला गेला. रश्मीला हाक मारायला आलेली नीलिमा उंबऱ्यावर बसून सँडलचा पट्टा लावत होती. खुंटी निसटली आणि बंदूक घोड्यावर पडली.

सुगंधाबाई शाळेत तांदूळ निवडत होती. बार ऐकून ती हसत म्हणाली, "कोणाचं डुक्कर पडलं वो आज?" हे आपण हसत म्हटलं, हे तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही. मग दुसऱ्याला कशाला करेल?

पोलीस आले, पंचनामा झाला, केस उभी राहिली. तीन वर्षं बाई तारखांना गेली. आणि गावाने काय करावं? चार साक्षीदार उभे राहिले आणि चौघांनी सांगितलं, हरिदासने आखरावर टोपी काढताना आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मग बार कसा झाला? देवाला ठाऊक! एकाचा निष्काळजीपणा ठरला तर सातही परवाने तपासले जातील, ही त्यांची भीती. त्या चौघांत बाईचा सख्खा दीर लटारूही होता. तो तिला म्हणाला, "वहिनी, पोरगी तं गेली. आता गावाच्या बंदुका बी घालवतं का?" हरिदास स्वतः खोटं बोलला नाही. वकिलाने गप्प राहा म्हटलं, तो गप्प राहिला. पुराव्याअभावी सुटला, आणि जप्त झालेली बंदूकही त्याला परत मिळाली.

निकालाच्या संध्याकाळी बाई त्याच्या फाटकाशी उभी राहिली. तोपर्यंत ती त्याला हरिदासभाऊ म्हणायची. "हरिदास," ती म्हणाली, "कोर्टानं तुले सोडलं. मी नाई सोडलं." त्याच्या बायकोने दार लावून घेतलं.

विहारात वंदनेला गेली की बाया म्हणत, सोडून दे वो बाई, मनाले शांती भेटन. बाई म्हणे, "मले शांती नाई पायजे. मले हरिदास पायजे."

तिला एक गोष्ट कळली होती. चाल मोडली तर गाव हळहळतं आणि मग खोटं बोलतं. कायदा मोडला तर निदान कागद खरं बोलतो. टोपी आखरावर काढलीच पाहिजे आणि न काढणाऱ्याची बंदूक गेली पाहिजे, असा कायदा करा, म्हणून अर्ज घेऊन ती तहसिलीत गेली. तिथला बाबू म्हणाला, "बाई, कायदे मुंबईले होतात, दिल्लीले होतात. इथी नाई होत." बाई म्हणाली, "मुंबईले डुकरं येतात का धानात? मग त्याहीले काय समजते टोपीचं?" बाबूने हसून अर्जावर शिक्का मारला. पुढे काहीच झालं नाही.

मग तिने ग्रामसभा धरली. शाळेच्या पटांगणात सारे जमले, नवे ठाणेदारही आले होते. झिंगू म्हातारा उठला आणि म्हणाला, "बंदूक धरणारा माणूस का कागद पाहून धरते? आमी लहानपणापासून शिकलो ना!" लटारू म्हणाला, "एकाची चूक, अन् साऱ्याहीच्या गळ्यात फास काऊन?"

"चूक?" बाई उठली. "तुमच्या चालीनं माह्यी पोरगी वाचली का? हेल्मेट घाला म्हणून कायदा आहे. गाडीले नंबर पायजे म्हणून कायदा आहे. अन् जे माणूस मारते त्याले नाई? तिच्या अंगावरच्या छर्र्याच्या जखमा मी स्वतः धुतल्या रे, या हातानं." ठाणेदार म्हणाले, ठराव द्या, रोजची नोंद ठेवा, ती नोंद बघूनच मी परवान्याच्या नूतनीकरणाची शिफारस करीन. टोपीसकट आखर ओलांडला की एकाच नोंदीत बंदूक ठाण्यात जमा. ठराव झाला. नोंद कोण ठेवणार म्हटल्यावर कुणीतरी मागून खिदळत म्हणालं, "बसू द्या सुगंधाबाईलेच!"

बसली की! सातवी शिकलेली बाई, वही-पेन घेऊन रोज उजाडताना आखराच्या दगडावर हजर. माचेवरून एकेक जण येई, नळी जंगलाकडे करून घोडा दाखवी, बाई टोपी नाही हे बघून लिही, मग शाळेच्या चुलीकडे जाई. पहिल्याच हंगामात लटारू सापडला. झिमझिम होती, ओल लागेल म्हणून त्याने टोपीवर चिंधी बांधून आणली होती. "वहिनी, घरचाच माणूस हावो मी," तो काकुळतीला आला. बाईने नाव लिहिलं. बंदूक गेली, आणि त्या साली डुकरांनी त्याचं दोन एकर धान लोळवलं. लटारूची बायको रडत आली तर बाईने तिला चहा पाजला आणि नोंद तशीच ठेवली. त्यानंतर सहाच्या सहा बंदुका टोपी काढून येऊ लागल्या. खरं सांगायचं तर गाव सुरक्षित झालं. पण बाई त्यासाठी बसली नव्हती.

ती हरिदाससाठी बसली होती. त्याचं शेत अगदी जंगलाला लागून, बंदूक गेली तर वर्षाचं धान गेलं. आज ना उद्या तो चुकेल, या आशेवर ती जगत होती. पण हरिदास कशाचा चुकतो! तो अर्ध्या वाटेवरच टोपी काढी आणि तळहातावर घेऊन येई. बाईचा तिळपापड होई. मग तिने दुसरी रीत काढली. नोंद करता करता ती त्याला रोज एक गोष्ट सांगू लागली. आवाज न चढवता, शेजारणीशी बोलावं तशी.

"यंदा नीलिमाचं बीए झालं असतं."

"नीलिमाले वांग्याची भाजी नाई आवडे. रश्मीच्या डब्यातली खाये मात्र."

रश्मीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माह्या घरी बी मांडव पडला असता, हरिदास. तूच पानं आणली असती मांडवाले."

हरिदास ऐकून घेई आणि जाई. पहिल्या वर्षी त्याचे डोळे भरत. दुसऱ्या वर्षी त्याचा सदरा खांद्यावरून लोंबू लागला. बायको म्हणे, बंदूकच नको, विकून टाका शेत. पण विकलं तर खायचं काय? आणि शेत राखायचं तर रोज त्या दगडावरूनच यावं लागे. बाई त्याचा चेहरा वाचत बसे, आणि त्या दिवशी खिचडी बरी शिजे.

तिसऱ्या वर्षी, कापणीला आठ दिवस असताना, हरिदास सगळ्यांच्या शेवटी आला. बाकीचे घरी पोचले होते. त्याने नळी जंगलाकडे केली आणि घोडा तिच्यासमोर धरला. टोपी जागच्या जागी होती, कोवळ्या उन्हात लखलखत होती. चिंधी नाही, बहाणा नाही.

तीन हंगाम या घडीची वाट पाहिली होती बाईने! पेनाचं टोपण दातांनी काढलं, वहीत तारीख घातली, आणि मग तिने वर पाहिलं.

हरिदास घाबरलेला नव्हता. "लिव्हा, बाई," तो म्हणाला. "ठाण्यात द्या. बंदूक नेऊ द्या, शेत जाऊ द्या. त्या दिवशी बी टोपी होती. कोर्टात बोलाले पायजे होतं, नाई बोललो. आता लिव्हा अन् मले सोडवा यातून. मी नाई येऊ शकत आता रोज."

बाईला उमगलं. हा चुकला नव्हता. हा सुटायला आला होता. एक ओळ लिहिली की उद्यापासून हा माणूस या वाटेने येणार नाही, घरी निवांत बसेल, आणि नीलिमाच्या गोष्टी ऐकायला तिला कुणी उरणार नाही.

तिने हात पुढे केला, घोडा वर उचलला आणि नखाने टोपी काढून गवतात भिरकावली. मग वहीत त्याच्या नावापुढे सावकाश लिहिलं, टोपी काढलेली, आणि खाली सही ठोकली.

"बाई!" हरिदासचा आवाज फाटला. "कायदा आहे ना! तुमीच केला ना कायदा!"

"तो बाकीच्याईसाठी आहे," सुगंधाबाई वही मिटत म्हणाली. "तुह्यासाठी मी आहो. उद्या लवकर ये. नीलिमाच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची गोष्ट राहिली सांगाची."