चकलीच्या तेलातले शिकारी बूट

चहा घ्या आधी. हा किस्सा मी सांगायला बसलो की मेघना, म्हणजे आमची बायको, स्वयंपाकघरातून शेवट सांगून टाकते आणि सगळी मजा घालवते. आज ती बाहेर गेलीय, तेवढ्यात उरकतो. तर मी एकदा शिकारीला गेलो होतो. हसू नका. आयुष्यात मी फक्त डास मारलेत, तेही रॅकेटने, हे मलाही माहीत आहे.

नेदरलँड्सात, आइंडहोव्हनला येऊन आम्हाला तीनेक वर्षं झाली होती. साल तेरा किंवा चौदा असेल. ऑफिसात सगळे गोड बोलायचे, पण शुक्रवारी संध्याकाळी जो तो सायकलवर बसून आपापल्या घरी. आम्हाला कुणी बोलवायचं नाही. मला ते फार लागायचं, खोटं कशाला बोलू? आणि अशात एक दिवस माझ्या शेजारी बसणारा योस म्हणाला, "शनिवारी माझ्या भावाच्या शेतावर फेझंटची शिकार आहे. हाकारे घालायला येतोस?"

फेझंट म्हणजे लांब शेपटीचा रानकोंबडाच समजा. बंदुका दुसऱ्यांकडे. आपण काठी आपटत, ओरडत शेतातून चालायचं, म्हणजे पक्षी उडतात. ओरडत चालायचं! गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला याहून सोपं काम कुठलं?

"फक्त बूट चांगले घाल," योस म्हणाला. "चिखल असतो."

झालं. मी कामाला लागलो. रात्रंदिवस व्हिडिओ बघितले. सगळे अमेरिकेतले, टर्की नावाच्या थोराड पक्ष्याच्या शिकारीला कोणते बूट घ्यावेत यावरचे. इथे रानातली टर्की औषधालाही नाही, पण बुटांवर एवढं मनापासून बोलणारी दुसरी माणसं मला सापडली नाहीत. हलके हवेत, पाणी आत येता कामा नये, घोट्याला आधार हवा, दिवसभर चालून पाय दुखता कामा नयेत आणि दहा वर्षं टिकले पाहिजेत. एवढे गुण मी लग्न जमवतानाही बघितले नव्हते.

त्या दिवाळीला बाबा आमच्याकडे आले होते. कोल्हापूरचा माणूस. चपलांच्या दुकानात ते शिरले की दुकानदार खुर्ची द्यायचा, असं ते स्वतः सांगायचे. त्यांना घेऊन मी दुकानात गेलो. तिथल्या पोरीने शेतकरी घालतात तसले हिरवे रबरी बूट पुढे केले.

"हे काय?" बाबा म्हणाले. "गटार उपसायला जायचंय व्हय?"

मग त्यांनी एकेक चामडी बूट उचलला. तळवा वाकवून बघितला, टाचेवर बोटाने टकटक केलं, शिवण नखाने ओढली, आणि शेवटी बूट नाकाला लावून डोळे मिटले. ती पोरगी बघतच राहिली. मला तेव्हा लाजल्यासारखं झालं. आता बाबा नाहीत, आणि कुठल्याही बुटाच्या दुकानात गेलो की मीही गुपचूप वास घेऊन बघतो. काही कळत नाही, पण बरं वाटतं.

"हाच घे," बाबांनी निकाल दिला. "नातवंडं घालतील."

घरी येऊन घालून बघितले तर बूट टाचेला असे चावले की मी हॉलमध्ये लंगडायला लागलो. बाबा शांत. "कातडं आहे लेका, त्याला तेल पाजावं लागतं. नव्या कोल्हापुरीला पाजत नाही का आपण?"

एरंडेल घरात नव्हतं. खोबरेल बाटलीत गोठून दगड झालेलं. बाबांची नजर गॅसशेजारच्या स्टीलच्या डब्यावर गेली. त्यात दिवाळीच्या तळणीचं उरलेलं तेल होतं. चकल्या, शेव, कडबोळी, सगळ्यांचा अर्क.

"हे चालेल?" मी विचारलं.

"तेलाला काय जात असते व्हय?"

दोन दिवस आम्ही बापलेक पेपर अंथरून बुटांना तेल चोळत बसलो. बाबा त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होते. इतका वेळ आम्ही दोघं शेजारी बसलोय असं त्याआधी कधी झालंच नव्हतं. बूटही लोण्यासारखे मऊ झाले. मेघनाने फक्त नाक मुरडलं. "शिकारीला चाललायस की फराळाला?"

शनिवारी शेतावर पोचलो. सगळ्यांच्या पायात तेच हिरवे रबरी बूट. मी मनात म्हटलं, बिचारे. ओळखी होतायत तोवर योसच्या भावाची दोन शिकारी कुत्री धावत आली आणि थेट माझ्या पायाशी लोळली.

"तू आवडलास त्यांना," योस म्हणाला.

मी फुगलो. माणसांना कळायला तीन वर्षं लागली, कुत्र्यांना बघताक्षणी कळलं!

रांग चालू लागली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. कुत्र्यांनी पुढे पळून झुडपं हुंगायची होती. ती माझ्या मागे. योसच्या भावाने शिट्टी मारली. नाहीत गेली. मी त्यांना टाळायला ओढ्यापलीकडे उडी मारली. तीही आली. एक भलामोठा फेझंट आमच्यासमोर झुडपातून निघाला, आमच्याकडे बघितलं आणि सकाळी फिरायला निघालेल्या पेन्शनरासारखा चालत गेला. कुत्र्यांनी मान वळवली नाही. एक डावा बूट चाटत होतं, दुसरं उजवा.

भाऊ लालबुंद होऊन आला. "खिशात सॉसेज आहे का?"

मी खिसे उलटे करून दाखवले. योस खाली वाकला, बुटाला नाक लावलं. "काय लावलंयस?"

"तेल."

"बुटांचं?"

"चकलीचं."

आता भर चिखलात, बंदुका घेतलेल्या डच माणसांना चकली म्हणजे काय हे कसं सांगणार? मी काठीने चिखलात वेटोळं काढून दाखवलं.

त्या दिवशी एकही पक्षी पडला नाही. मला वाटलं, संपलं आपलं इथलं सगळं. पण दुपारी गोठ्यात गरम वाटाण्याचं सूप प्यायला बसलो तेव्हा योसचा भाऊच आधी हसला, मग सगळे हसले, आणि मला त्यांनी मधल्या बाकावर बसवलं. परदेशात इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. आता आपण यांच्यातले झालो, असं मी घरी येऊन बाबांना चारचारदा सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात योस पुन्हा माझ्या टेबलापाशी आला. मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"भावाने नवं पिल्लू आणलंय," तो म्हणाला. "वासावरून माग काढायला शिकवायचंय."

"येतो की!"

"तू नको येऊस. बूट देशील का?"

संध्याकाळी कोल्हापूरला फोन लावून बाबांना हे सांगितलं. त्यांनी आधी बूट अजून मऊ आहेत का ते विचारलं. मग म्हणाले, "दे पाठवून. आपल्या घरातलं कुणीतरी जाऊ दे."