मागचा डावा स्पीकर

आमच्या हॉलला चार भिंती आहेत, पण त्यांतली एक कुणालाच काटकोनात भेटत नाही. बडोद्यात पाणीगेटच्या आतलं हे घर वडिलांनी बांधलं तेव्हा हॉल ऐसपैस आणि चौकोनी होता. वडील गेल्यावर दादाने आणि मी वाटणी केली. रस्त्याकडची बाजू, खिडकी आणि झोपाळा, आमचा हिंचका, दादाकडे गेला. जिना आणि मागचं स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. जिना माझ्या बाजूला यावा म्हणून मधली भिंत तिरकी घालावी लागली, आणि तिने जागा खाऊ नये म्हणून अर्ध्या विटेची. माझ्या वाट्याला आलेला हॉल एका टोकाला सोफा मावेल एवढा रुंद आहे आणि दुसऱ्या टोकाला इतका चिंचोळा, की टीव्हीचं टेबल ठेवलं की मागचं दार अर्धंच उघडतं. त्या दारातूनच आमची ये-जा. मध्ये एक खांब आहे, तो कुणालाच काढता आला नाही.

आई आळीपाळीने दोघांकडे राहील असं ठरलं होतं. पहिले काही महिने ती माझ्याकडे होती. मग खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर दादा म्हणाला, "तुझ्याकडे बाथरूमला पायऱ्या आहेत, माझ्याकडेच राहू दे." ते बरोबरच होतं. मी रोज संध्याकाळी गल्लीला वळसा घालून तिला भेटायला जात असे. हळूहळू वहिनी दारातच सांगायला लागली, "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा." मग एकदा दादाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला तुझा राग आहे. वाटणी तू मागितलीस. तू आलास की रात्रभर तळमळते. थोडे दिवस येऊ नकोस."

मी गेलो नाही. थोड्या दिवसांचं वर्ष झालं.

मी नंदेसरीला केमिकल कारखान्यात आहे. दिवसभर कानात बोळे घालून पंपांच्या घरघरीत काम करायचं. घरी तरी चांगला आवाज ऐकावा, गाण्यातला तबला वेगळा कळावा, एवढीच हौस होती. तीन स्पीकर पुढे, दोन मागे आणि खर्जासाठी एक खोका, असा सेट घेतला. दुकानातून एक गुजराती तंत्रज्ञ बसवायला आला. रविवारची दुपार होती. त्याने खोलीच्या मधोमध उभं राहून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, आ रूम तो बहु अघरी छे." अवघड आहे हे मला ठाऊकच होतं.

पुढचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना हवेत, तर उजवा खांबामागे लपत होता. सोफा पुढे ओढला तर बायकोला स्वयंपाकघरात जाता येईना. मागचे दोन सोफ्यापासून सारख्या अंतरावर, कानाच्या जरा वर हवेत. उजव्या बाजूला भिंत मोकळी नाही, जिना आहे. तो स्पीकर शेवटी कठड्याला पट्टीने बांधला. डाव्याला जागा एकच होती, ती तिरकी भिंत. ड्रिल लावलं तेव्हा पलीकडून कुणीतरी थापा मारल्या. मी तंत्रज्ञाला म्हटलं, "हलक्या हाताने कर." भिंत एवढी पातळ, की खिळा पलीकडे निघेल अशी त्यालाही भीती वाटत होती.

सगळं लागल्यावर त्याने सोफ्यावर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, एक छोटा माईक उभा केला. मशीन प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडणार, माईक तो ऐकणार आणि खोलीचा वेडेपणा समजून घेणार. तेवढा वेळ अगदी शांतता हवी. पंखा बंद केला. बायकोने कुकरखालचा गॅस बंद केला. आम्ही तिघं घामाघूम होऊन श्वास रोखून उभे राहिलो.

आणि भिंतीतून आईचा आवाज आला.

"धाकटा आला नाही का गं अजून?"

"नाही आई," वहिनी म्हणाली. "त्यांची ड्यूटी असते. नंदेसरीलाच राहतात ते हल्ली, कंपनीच्या खोलीत."

"रविवारी पण?"

"रविवारी पण."

"मग तिकडे ठोकाठोक कुणाची चाललीय?"

"भाडेकरू ठेवलेत त्यांनी."

बायकोने पदर तोंडाला लावला. मशीनने टूं करून काम थांबवलं. तंत्रज्ञ माझ्याकडे न बघता म्हणाला, "अवाज आवे छे, साहेब. फरीथी करवुं पडशे." सगळं पुन्हा करावं लागणार होतं. बडोद्यात मराठी न कळणारा माणूस सापडत नाही. त्याला सगळं कळलं होतं.

मी तसाच चपला न घालता निघालो. गल्लीला वळसा घालून रस्त्यावरच्या दाराशी गेलो. दार दादाने उघडलं.

"आई झोपलीय," तो म्हणाला.

"आत्ता बोलत होती. माझ्या घरात भाडेकरू कोण आहे, दादा?"

त्याने आत एकदा वळून पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तू यायचास तेव्हा तुझ्यामागे काय चालायचं ते तुला माहीत नाही. भिंत पाडा, भिंत पाडा. जेवण टाकून बसायची. आता तू कामावर आहेस म्हटलं की दोन घास खाते. सगळं मी करतोय ना तिचं? मग मला जमेल तसं करू दे."

"आणि ती माझ्यावर रागावलीय हे?"

"ते तू यायचं थांबवावंस म्हणून."

त्याला लाज वाटली नाही. किंवा वाटली असेल, तर त्याने ती मला दिसू दिली नाही. मी त्याला बाजूला सारून आत गेलो.

आईची खाट त्या तिरक्या भिंतीला लागूनच होती. ती फार वाळली होती. माझा हात धरून तिने नाकाशी नेला. मी कामावरून आलो की ती नेहमी असंच करायची. "आज वास नाही केमिकलचा," ती म्हणाली.

"आज रविवार ना. सुट्टी."

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनी पाण्याचा ग्लास उचलून आत गेली. आई मला काही विचारणार असं वाटलं. मग तिनेच ते सोडून दिलं आणि म्हणाली, "तुझ्या त्या भाडेकरूंना सांग, दुपारी ठोकत जाऊ नका."

"सांगतो," मी म्हणालो.

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागलो. दादा दार उघडायचा आणि फोनमध्ये तोंड घालून बसायचा. एका रविवारी गेलो तर भिंतीजवळ खाट नव्हती. आईला पुढच्या खोलीत हलवलं होतं. तिथे रिक्षा आणि हॉर्न यांच्यापुढे तिचं बोलणं मलाही ऐकू येईना, आणि माझं तिला.

"तुझ्या स्पीकरचा त्रास होतो तिला," दादा म्हणाला.

"मी लावतच नाही तो. काढून टाकतो."

"आता तिला इथली सवय झालीय."

मी घरी जाऊन मागचा डावा स्पीकर काढला. भोकं बुजवली. तरी खाट परत आली नाही. पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात न्यायचं झालं तेव्हा दादाने मला फोन केला नाही. मी प्लांटवर असेन, फोन लॉकरमध्ये असेल, असं त्याने नंतर सांगितलं. त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी भिंतीच्या अलीकडे जेवत होतो. मला कळलं तेव्हा आई गेली होती.

तेराव्याला नातेवाईक आले. एक मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नशीबवान बाई. दोन्ही मुलं एका छपराखाली. दोघांच्या हातचं पाणी मिळालं."

दादाने मान हलवली. चारचौघांत मी काय बोलणार, मीही हलवली.

तेव्हापासून आमचं बोलणं नाही. रस्त्यात समोर आला की तो फोन कानाला लावतो, आणि मी पलीकडच्या दुकानाकडे बघत पुढे निघून जातो.