उलट्या दाबापुढे उभे राहिलेले कोठुळे सर

बारावीच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला मी उशिरा पोहोचले, तेव्हा रंगनाथ कोठुळे सरांची आणि माझी पहिली गाठ पडली. राजूरहून श्रीरामपूरच्या कॉलेजात शिकायला आलेली मुलगी मी. दारातूनच म्हणाले, "टेम्पो ब्रेकडाउन झाल्ता, सर."

सरांनी वर न बघता उत्तर दिलं, "टेम्पो ब्रेकडाउन झाला की बंद पडतो. आमचा झेनर डायोड ब्रेकडाउनला गेला की कामाला लागतो. ये, बस."

वर्ग हसला. मी मात्र त्या एका शब्दापाशी अडकले ती कायमची.

सर शिकवत ते साधं होतं. डायोड या छोट्या पुर्ज्याला उलट्या दिशेनं विजेचा दाब द्या. तो बराच वेळ जवळपास काहीच वाहू देत नाही. दाब वाढवत न्या. एका ठरावीक व्होल्टला प्रवाह एकदम उसळतो, पण डायोडवरचा दाब तिथंच थबकतो. यालाच ब्रेकडाउन म्हणायचं. हा बिघाड नव्हे. डायोड मरतो तो बेलगाम प्रवाहानं तापून. म्हणून सोबत प्रवाहाला आवर घालणारा रेझिस्टर जोडायचा. जोडणी तपासल्याशिवाय सर कुणालाही बटण दाबू देत नसत, आणि मागच्या वर्षीच्या वहीतले आकडे उतरवणाऱ्याला पुन्हा मोजायला बसवत.

वार्षिक परीक्षेत मला हाच प्रयोग आला. बाहेरून आलेले परीक्षक घाईत होते. माझ्या मीटरची सुई झपकन वर गेलेली त्यांनी पाहिली आणि वीज बंद केली. "जाळलास डायोड. शून्य." त्यांनी लिहून सहीही केली. मी नापास झाले असते तर वसतिगृहातली जागा गेली असती आणि शिक्षण तिथंच संपलं असतं. रेझिस्टर मी जोडला होता. डायोड जिवंत होता. तरी मी वही मिटून उठले.

सर पलीकडच्या टेबलावरून आले. "पुन्हा मोजू या."

"माझी सही झालीय, कोठुळे."

"सही झाली म्हणून डायोड जळत नाही, साहेब."

सगळ्यांसमोर तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सुई त्याच व्होल्टला उसळली. जळलेला डायोड असं इमान राखत नाही. परीक्षकांनी शून्य खोडलं. सरांनी त्यांना चहा पाजला, टोमणा एकही मारला नाही. पुढं सरांविरुद्ध तक्रार गेली, खुलासा मागवला गेला. सरांचं उत्तर एका ओळीचं होतं: "मोजलं, म्हणून बोललो." माफी त्यांनी मागितली नाही. प्रयोगशाळेची जबाबदारी काढून घेतली, तरी मागितली नाही. मग जुन्या मीटरांची दुरुस्ती ते बेलापूरच्या घरी ओसरीवर बसून करू लागले आणि आम्हा मुलांना तिथंच शिकवू लागले.

मित्रहो, वरून दाब आला की वाकणं म्हणजे शहाणपण, असं आज आपल्याला पढवलं जातं. मला हे मान्य नाही. माझ्यासमोर कोठुळे सर उभे आहेत.

त्यांनी माझंही कौतुकच केलं, असं कुणी समजू नये. परीक्षेनंतर मी पाया पडायला वाकले, तर सर रागानं म्हणाले, "डायोड जिवंत हाय, हे तुला ठाऊक हुतं ना? मग मला यायला का लागलं?"

तेव्हापासून मी सभांमधून जे बोलत आले आहे, ते त्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते अजून पुरं झालेलं नाही.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, हात स्थिर राहोत आणि शंभरी त्यांनी आरामात ओलांडावी. सर, यापुढं आमच्यासाठी तुम्हाला टेबलावरून उठावं लागणार नाही. आम्ही मोजू, आणि आम्हीच बोलू.