रेंजचा दगड

‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण ज्यानं केली, तो मावशीच्या हातचं खाऊन वाढलेला असणार. एखाद्या आईला आधी विचारलं असतं तर तिनं ही म्हण होऊच दिली नसती.

माझी अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली आणि हुबळीला देशपांडे नगरात एकटी राहते. मी धारवाडला, नवरा आणि एक मुलगी. मुलगी दहा वर्षांची असताना अक्का एका रविवारी तिला अळणावरच्या पलीकडच्या जंगलात घेऊन गेली, तिथला डोंगर चढवून आणला, आणि पोरगी माझ्या हातची गेली.

हातची गेली हे माझं म्हणणं. बाकी सगळ्यांचं म्हणणं, पोरगी किती धीट झाली!

मग दर थंडीत तेच. शनिवारी रात्री मी धपाटे लावायचे, शेंगाचटणीची पुडी बांधायची, दहीभात कालवायचा. सकाळच्या गाडीला अक्का हुबळीहून खिडकीत बसून यायची. धारवाडला मुलगी उडी मारून आत शिरायची आणि दोघी मला हात करायच्या. मुलीचा हात खाली यायच्या आत तिचं तोंड अक्काकडे वळलेलं असायचं. मी प्लॅटफॉर्मवर उभी, पहाटे चारला उठलेली.

संध्याकाळी परतली की तोंडाचा पट्टा सुरू. मावशीनं शेकरू दाखवलं. मावशीला आवाजावरून पाखरू ओळखता येतं. मावशी म्हणते, जंगलात तोंड मिटून चालायचं. मी घरात तोंड मीट म्हटलं तर हिचे गाल फुगायचे, आणि मावशीनं म्हटलं की ते ज्ञान! एकदा शेजारच्या काकूंनी हसत हसत ती वरची म्हण म्हटली. मी पण हसले. त्या दिवशी वरणाला मीठ दोनदा पडलं.

एक गोष्ट मात्र माझी होती.

आमच्या माहेरचा नियम आहे, कुठंही जा, पोचल्याबरोबर फोन. हुबळी-धारवाड हे काय अंतर आहे? पण अक्का अजून घरी गेली की ‘पोचले गं’ म्हणून कळवते. आता त्या जंगलात अळणावर सुटलं की फोन मेलाच. पण त्यांच्या डोंगराच्या माथ्यावर, अगदी कडेला, एक सपाट दगड आहे. त्याच्यावर उभं राहिलं तरच रेंज येते, एक पाऊल इकडं नाही की तिकडं नाही. दोघी त्याला रेंजचा दगड म्हणायच्या. साडेअकराच्या सुमाराला माझा फोन वाजायचा. आधी आधी अक्काच्या फोनवरून, मग मुलीच्या स्वतःच्या. “आई, पोचलो! वारा ऐक.” आणि ती फोन वाऱ्यात धरायची. मला नुसतं घूंऽऽ ऐकू यायचं. त्या दिवशी मी फोन घेऊन स्वयंपाकघरात, फोन घेऊन दोरीवरचे कपडे काढायला, फोन घेऊन दारात. एका मिनिटाचा तो फोन, पण त्याच्यावर माझा आठवडा जायचा.

गेल्या वर्षी मुलीला बेंगळुरात नोकरी लागली. जायच्या आधीच्या आठवड्यात म्हणाली, “जाण्याआधी एकदा मावशीबरोबर डोंगर करून येते.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, “मी पण येणार.”

ह्यांनी पेपर खाली केला. “आणि गुडघे?”

“गुडघे माझे आहेत,” मी म्हटलं.

अळणावरपासून जीपनं गेलो आणि मग पायवाट धरली. अक्का चौसष्ट वर्षांची, पण चाल बघा, ना घाई ना दम. दोघींच्या खुणा ठरलेल्या. अक्कानं बोट वर केलं की मुलगी जागच्या जागी थांबायची. तळहात खाली केला की बसायची. मला एकही खूण ठाऊक नव्हती, म्हणून मी प्रत्येक वेळी मुलीच्या पाठीवर आदळत होते. मुलगी मला हात द्यायची, डोळे मात्र अक्काकडे. अर्ध्या वाटेत मी एका मुळावर बसले तर म्हणाली, “आई, तू इथंच बसतीस काय? आम्ही वर जाऊन येतो.”

आम्ही.

मी उठले. त्या एका शब्दावर उरलेला डोंगर चढले. रागानं चढलं की डोंगर लवकर संपतो, हे अक्काच्या भूगोलात नव्हतं.

माथ्यावरून चारी बाजूंना जंगलच जंगल, लांब काळी नदीचं पाणी चमकत होतं. म्हणजे चमकत असावं. माझं अर्धं लक्ष, दोघी शेजारी शेजारी बसतात काय, इकडं होतं. तेवढ्यात मुलगी धावत कडेच्या दगडावर गेली, फोन कानाला लावला, आणि माझ्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला.

ती वळून बघायला लागली. मग मोठ्यानं हसली. “अय्यो, सवयच लागली की!” तिनं फोन बंद करून खिशात टाकला आणि दगडावरून उतरली.

मी पण हसले. पण मग लक्षात आलं. तो फोन घ्यायला घरी कुणी नव्हतं. इतकी वर्षं जे माझं होतं, ते मी चढून येऊन घालवलं होतं.

मुलगी फोटो काढायला पलीकडं गेली. अक्का डब्याचं फडकं सोडत होती. मान वर न करता म्हणाली, “दर वेळी अशीच पळते बघ ती. चढवून आणते मी, आणि वर आलं की पहिल्यांदा तू. मी आपली इथं बसून डबा सोडते.” मग धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाली, “वाईट वाटायचं गं मला. बारा वर्षं.”

“मग सांगायचं की तिला.”

“काय सांगू? मला फोन कर म्हणून? मी तर इथंच की!”

खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. गार वाटलं. म्हटलं, हिच्याही पोटात दुखत होतं तर! मग तिनं धपाट्याचा मधला मऊ तुकडा माझ्या हातात ठेवला आणि कडेचा कडक आपण घेतला, लहानपणापासून ठेवते तसा. तो मला नीट गिळवला नाही.

आता मुलगी तिकडं ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर चिक्कमगळूरच्या बाजूला डोंगर चढते. मागच्या महिन्यात एका शनिवारी फोनवर म्हणाली, उद्या जातोय. माझ्या तोंडून निघून गेलं, “वर पोचलीस की पहिला फोन मावशीला कर. मग मला.”

“का गं?”

“कर म्हटलं ना.”

फोन ठेवल्याबरोबर पस्तावले. परत फोन करून ‘राहू दे’ म्हणावं असं तीनदा मनात आलं. रविवारी सकाळी मेतकुटाचं निमित्त काढून बसनं हुबळी गाठली. अक्काला काहीच माहीत नव्हतं. तिचा फोन टेबलावर, माझा मांडीवर, पुढ्यात मेथीची जुडी. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. मनात म्हटलं, विसरली असेल. विसरलेली बरी.

टेबलावरचा वाजला.

अक्कानं चष्मा शोधला. “हिचा? मला?” म्हणत कानाला लावला. मला बसल्या जागी ऐकू आलं, घूंऽऽ. माझा वारा तो. असा जीव जळला की सांगता सोय नाही.

“पोचलीस? आधी आईला केलास काय गं?” अक्का म्हणाली. मग काही तरी ऐकत राहिली. माझ्याकडे बघितलं, आणि फोन तसाच कानाला धरून भिंतीकडं तोंड केलं.

“वारा हाय काय तिकडं?” ती भिंतीला म्हणाली. “मग धर की अजून थोडा वेळ.”

थोडा वेळ म्हणजे चार मिनिटं. तोवर माझी मेथी निवडून झाली होती. पानं कागदावर कचऱ्यात, देठं ताटात. मग माझा वाजला.

“पोचलीस?” मी विचारलं, काहीच माहीत नसल्यासारखं.