मोतिया साडी

दुपारचं जेवण आवरून हेमलता शिंत्रे पलंगावर सहा साड्या पसरते. सहाही पुन्हा पुन्हा बघून होतात, आणि मग ती त्यांच्याच कडेला जरा पाठ टेकते. साडेपाचला दवाखान्यात तिचा निरोपसमारंभ आहे. एकतीस वर्षं नर्सची नोकरी झाली. सगळं आयुष्य पांढऱ्या गणवेशात गेलं, त्यामुळे आज काय घालू हा प्रश्न सकाळी कधी पडलाच नाही. गणवेशाबाहेर जे काही नेसायचं ते नलिनी ठरवायची. नलिनी पाटणे, तिच्याच वॉर्डातली, तिच्याच वयाची. दुकानात गादीवर बसली की नलिनी जरीच्या, बुट्ट्यांच्या साड्या एका हातानं बाजूला सारायची आणि तळातली एखादी साधी, बारीक काठाची ओढून हेमलताच्या खांद्यावर टाकायची. दुकानदाराला म्हणायची, "झालं आमचं. बाकीच्या ठेवा उचलून."

नलिनी गेल्या मार्गशीर्षात गेली, बसल्या जागी. तेव्हापासून हेमलतानं अंगावर नवं काही घातलेलं नाही. लग्न तिनं केलं नाही, घरात दुसरं माणूस नाही. निऱ्या खालून सारख्या करायला, मागून पदर बघायला कुणी नाही.

पंखा फिरतो. एका साडीचा काठ वाऱ्यानं उचलला जातो, पुन्हा खाली बसतो. डोळे मिटलेत की उघडे आहेत, हे तिचं तिलाच कळत नाही.

"सरक थोडी," नलिनी म्हणते.

हेमलता सरकते. पलंगावर आता दुकानातली पांढरी गादी आहे. भोवतीची कपाटं छतापर्यंत उघडी आहेत आणि आत एकही साडी नाही. नलिनी मांडी घालून बसली आहे. अंगावर गर्द हिरवा शालू, वीतभर जरीचा काठ, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, नाकात नथ, गळ्यात एकावर एक चार माळा. पदराच्या टोकाला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली.

"टोचतंय गं," नलिनी म्हणते. "आठ महिने झाले, अजून मऊ पडत नाही."

हेमलता खाली बघते.

"तू होतीस ना तिथं?"

"होते."

गादीच्या पलीकडे नलिनीचं अंगण आहे. बायका गोळा झाल्या आहेत. नलिनीची थोरली जाऊ डोळे पुसत पुसत शालूची घडी मोडते आहे. "सवाष्ण गेली माझी बाई," ती म्हणते, "काही कमी पडू देऊ नका तिला." तिच्या बोलण्यात खोट नाही. तिची माया खरी आहे. नलिनीचा नवरा भिंतीला टेकून बसला आहे, त्याला कुणी काही विचारत नाही. आणि पार मागं, चपलांच्या ढिगाजवळ, हेमलताला ती स्वतः उभी असलेली दिसते. हातातली पर्स तिनं पोटाशी धरली आहे.

"मी तुला सांगितलं होतं," नलिनी म्हणते.

"हो. दवाखान्याच्या मागच्या जिन्यात. चहा पीत होतो आपण."

"काय सांगितलं होतं?"

"मोतिया रंगाची इरकल, काळ्या काठाची. कानात दोन मोती. हात मोकळे." हेमलताला एकेक शब्द पाठ आहे. "मी हो म्हटलं होतं."

"मग?"

"मी कोण होते नले तिथं? घरची थोडीच होते? एवढ्या रडारडीत मी पुढं होऊन साडीचं काय बोलायचं?"

नलिनी रागावत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ऐकलं नसतं कदाचित कुणी," ती म्हणते. "पण तू बोलायला हवं होतंस."

अंगणातला नळ सुरू होतो. पाणी मोठ्या बेसिनमध्ये पडतं आहे. भिंतींना पांढऱ्या फरशा आहेत, आणि समोर ऑपरेशन थिएटरचा दरवाजा. पेशंटला आत न्यायच्या आधी त्याचे दागिने उतरवायची ही खोली. नलिनी स्टुलावर बसते आणि दोन्ही हात पुढं करते.

हे काम हेमलताच्या हाताखालून हजारदा गेलेलं आहे. ती लाल साबण पाण्यात भिजवते, नलिनीच्या मनगटाला, हाताच्या पाठीला, बोटांच्या पेरांना फेस लावते.

"हात सैल सोड. अंगठा आत घे."

एकेक बांगडी निसटून स्टीलच्या ट्रेमध्ये पडते. एकही पिचत नाही. मग नथ. मग माळा, फासे सोडवत सोडवत. खाली गळ्यावर लाल वळ उठले आहेत. ती ओल्या कापसानं ते पुसते. शालूचा बोळा कोपऱ्यात पडतो आणि तसाच ताठ उभा राहतो. त्याच्याकडे बघून दोघींना जरासं हसू येतं.

हिरव्या थिएटर-गाऊनमध्ये नलिनी बारीक दिसते. "आता मी काय नेसू?" ती विचारते. "तू सांग."

"मला त्यातलं कळत नाही."

"मग सत्तावीस वर्षं माझ्या शेजारी बसून काय बघत होतीस?"

हेमलता तिच्याकडे बघते. इतकी वर्षं साड्या बघितल्या, नलिनीला असं कधी बघितलं नव्हतं. सावळी, उंच मान. कानामागं पांढऱ्या केसांची एक बट.

"मोतियाच," ती शेवटी म्हणते. "पण कानात मोती नको. तुझे नुसते कान छान आहेत."

नलिनी कानाच्या पाळीला हात लावते. "हे माझ्या कधी लक्षात नाही आलं."

साडी कुठून येते ते हेमलताला दिसत नाही. ती खाली बसून निऱ्या सारख्या करते, मागं जाऊन पदर बघते, थोडा खाली ओढते.

"कशी दिसते?" नलिनी विचारते.

"तुझ्यासारखी."

नलिनी दाराकडे निघते. उंबऱ्याशी थांबून मागं वळते. "आणि तू काय नेसणार?"

"माझं मी बघते," हेमलता म्हणते.

नलिनी मान हलवते आणि जाते. तिच्या चालण्याचा काही आवाज होत नाही.

उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला आहे. पावणेपाच झालेत. हेमलता उठून बसते. शेजारच्या घरात कुणीतरी पोराला अभ्यासाला बसवतं आहे. साड्या पलंगावर तशाच पसरलेल्या. त्यांतली राखाडी सुती तिला लगेच दिसते, ती नेसायची आहे हेही कळतं, आणि तिचा हात साडीकडे जातो.

तळवा निसरडा लागतो. घाम असेल, असं तिला वाटतं. ती दोन्ही हात एकमेकांवर चोळते, तर बोटांच्या बेचक्यांतून पांढरा फेस वर येतो. ती हात नाकाशी नेते. लाल साबण आहे, दवाखान्यातला. तिच्या घरात तो कधीच नव्हता.

डाग पडू नये म्हणून ती हात साडीपासून लांब धरते. धुवायला मात्र उठत नाही. फेस हळूहळू बसतो, कातडी ताणल्यासारखी होते. पंख्याखाली दोन्ही हात पुढं करून, ते पुरते वाळेपर्यंत, ती बसून राहते.